बत्तीस नंबरचा आवाज

डोळे मिटा बरं जरा. झोपायचं नाही, फक्त मिटायचे. आता समजा, तुमच्या घरात एक लांबट, काळं मशीन आहे. एका माणसाने उचललं तर दुसऱ्या दिवशी त्याची कंबर बोलते. दोघांनी धरलं तर ते दारात अडकतं. त्याच्यावर एकसष्ट पट्ट्या आहेत आणि पट्ट्यांच्या वरच्या बाजूला हिरवी बटणं, इतकी की मोजता मोजता जेवणाची वेळ व्हावी. मध्ये बोटभर रुंदीची काच, तिच्यात आकडे उजळतात. त्याला सिंथेसायझर म्हणतात. जपानात ते तयार झालं तेव्हा जगात त्याच्याइतकं आधुनिक दुसरं काही नव्हतं. आता त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असतो.

अजून एक गोष्ट समजा. कोणीतरी पुण्याहून येतं आणि सांगतं की हे अख्खं मशीन माझ्या लॅपटॉपात मावतं. मशीन म्हणजे मशीनचं चित्र. चित्रातलं बटण दाबलं की खऱ्या मशीनचा आवाज येतो. त्याला म्हणायचं प्लगिन. वजन काही नाही, दारात अडकत नाही, धूळ बसत नाही.

उघडा आता डोळे. ब्राह्मीला यातलं काही समजावं लागलं नाही, कारण तिच्या घरी हे सगळं खरोखरच घडलं.

ब्राह्मी अकरा वर्षांची, सहावीत शिकणारी. सांगलीहून कृष्णेच्या कडेने निघालं की ऊस लागतो, ऊस संपला असं वाटतं तिथे पुन्हा ऊस लागतो, आणि त्या उसात तिचं गाव. तिचे आज्जा अण्णाप्पा एरवी शेतकरी आणि मंदिरात पूजा असली की संगीतकार. आजूबाजूच्या पाच गावांत कुठेही जैन मंदिरात विधान म्हणजे मोठी पूजा असो, साधी पूजा असो, अण्णाप्पा आपलं मशीन घेऊन जायचे. मिरजेतला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ते त्यांनी घेतलेलं होतं. त्या मशीनमध्ये बत्तीस आवाज होते. एकतीस आवाज कशाचे ते अण्णाप्पांनाही नीट आठवत नसत. बत्तीसावा मात्र पाच गावांना पाठ होता.

का, ते सांगायला हवं. नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना असली की पाच दिवस पंचकल्याणक महोत्सव चालतो. चौथ्या दिवशी भगवंतांना केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, होतं आणि त्यांचा दिव्यध्वनी उमटतो. त्याला शब्द नसतात, पण प्रत्येकाला तो आपापल्या भाषेत कळतो, गाईगुरांनासुद्धा, असं सांगतात. आता असा आवाज मांडवात कुणीतरी काढून दाखवायला हवा की नको? ते काम अण्णाप्पांचं. ते बत्तीस नंबर दाबायचे, खालचा सूर धरायचे, आणि हजार माणसं पायावरची मुंगीसुद्धा न झटकता बसून राहायची. दिव्यध्वनी कसा असतो हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण बत्तीस नंबरसारखा असतो याबद्दल कोणालाही शंका नव्हती.

त्या वर्षी गावातच पंचकल्याणक होतं, माघात. पण गोष्ट बिघडली दिवाळीत.

दिवाळीला पारसकाका पुण्याहून आला. पारसकाका म्हणजे अण्णाप्पांचा धाकटा मुलगा. तो एका कंपनीत होता. कंपनी नेमकं काय करते हे घरात कोणालाच सांगता येत नसे, म्हणून सगळे त्याला फार हुशार समजत. भाऊबीजेला पाहुण्यांनी आग्रह केला तसे अण्णाप्पा मशीनला बसले. पारसकाका मोबाइलवर चित्रण करत होता, त्यामुळे चाळीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं ते त्याने पाहिलं. त्याने आज्जांचा डावा हात पाहिला.

मशीनच्या डाव्या टोकाला एक छोटं चाक होतं. अण्णाप्पा ते चाक एका लयीत वर लोटत होते, खाली ओढत होते, वर, खाली, जसा हार्मोनियमचा भाता हलवावा तसं. बरोबरच होतं त्यांचं. लहानपणापासून ते हार्मोनियम शिकलेले. मशीनचं पुस्तक ऑर्केस्ट्रावाल्यांनी आधीच हरवलेलं. पहिल्या दिवशी उजवा हात पट्ट्यांवर बसला, डाव्या हाताने भाता शोधला, भाता काही सापडला नाही, चाक सापडलं. डाव्या हाताचं समाधान झालं. तेव्हापासून तो हवा भरत होता.

पारसकाका म्हणाला, "अप्पा, हे काय करताय? लाइटवर चालतं ते. हवा भरावी लागत नाही त्याला."

सगळे हसले. प्रेमाने हसले, म्हणजे जास्तच वेळ हसले. अण्णाप्पाही हसले. आणि त्या दिवसापासून त्यांचा डावा हात मांडीवर आला, मुकाट.

पुढच्याच आठवड्यात कार्तिकातली आठ दिवसांची अष्टाह्निका पूजा होती. अण्णाप्पांनी बत्तीस नंबर लावला, सूर धरला, आणि पुढे बसलेली म्हातारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आवाज तोच होता. फक्त तो येऊन नुसता उभा राहिला, एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा. लोक म्हणाले, मशीन म्हातारं झालं. अण्णाप्पांनाही तसंच वाटलं. आपण म्हातारे झालो की आजूबाजूच्या वस्तूही झाल्या असाव्यात, हे पटायला सोपं जातं.

मंदिराच्या कमिटीची बैठक बसली. मांडव, पाणी, चपला ठेवायची जागा हे विषय संपल्यावर आवाजाचा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले की आता सगळं नव्या टेक्नॉलॉजीचं पाहिजे, मात्र आवाज जुनाच पाहिजे. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण तो कोणालाच कळला नव्हता. पारसकाकाने उभं राहून सांगितलं की हे त्याच्या लॅपटॉपात आहे. जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल, तंतोतंत, आकड्याला आकडा. वाजवायला तो स्वतः बसेल. अप्पांनी किती वर्षं दगदग करायची? त्यांना शाल, श्रीफळ द्यावं आणि पुढच्या रांगेत मानाची खुर्ची.

खुर्चीचं ऐकून घरी सगळ्यांना बरं वाटलं. पण ब्राह्मीला कळलं. जो माणूस आयुष्यभर वाजवणाऱ्याच्या जागी बसला, त्याच्यासाठी पुढची रांग ही मांडवातली सगळ्यांत लांबची जागा.

मशीनचीही सोय लागली होती. पारसकाकाचा मित्र ऋषिराज याचं महाबळेश्वरला हॉटेल होतं. तिथे स्वागतकक्षात त्याने जुन्या वस्तूंचा कोपरा केला होता. शिवणयंत्र, टाइपरायटर, वायर नसलेला टेलिफोन. पाहुणे त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढत. त्याला मशीन हवं होतं. वर प्लॅस्टिकच्या स्ट्रॉबेरींची परडी ठेवली की शोभून दिसेल, असं त्याचं मत होतं. लॅपटॉपचा आवाज कमिटीला पसंत पडला की मशीन महाबळेश्वरला जाणार हे ठरलं.

एक अडचण होती. पारसकाकाच्या प्लगिनमध्ये पाच हजार आवाज होते, पण बत्तीस नंबर नव्हता. तो कोण्या ऑर्केस्ट्रावाल्याने स्वतः बसून बनवलेला, जगात फक्त याच मशीनच्या पोटात. तो वायरने बाहेर काढायला हवा होता, आणि आतली बॅटरी मेली तर तोही मेला. हे काम येणारा माणूस साताऱ्यात होता, सुभेदार जोतीराम, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त. एमआयडीसीच्या वाटेवर त्याचं दुकान होतं. मोटारी, मिक्सर, लाउडस्पीकर, जे बोलायचं थांबलं असेल ते तो बोलतं करायचा.

पारसकाका, अण्णाप्पा आणि ब्राह्मी, तिघं गाडीने गेले. मशीन मागच्या सीटवर पद्मावतीआज्जीच्या वाकळेत गुंडाळलेलं, त्याचं एक टोक ब्राह्मीच्या मांडीवर. सुभेदारांनी झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली आणि डॉक्टरासारखे आत वाकून एकेक भाग तपासत राहिले. मग म्हणाले की मशीन एकदम फिट आहे, याला अजून वीस वर्षं बॉर्डरवर पाठवा. आधी वायर लावून त्यांनी आतलं सगळं लॅपटॉपात उतरवलं, मग बॅटरी बदलली, मग पुन्हा भरलं.

ब्राह्मीने विचारलं की वायरीतून काय गेलं, आवाज?

"आवाज न्हाई गं बाय," सुभेदार म्हणाले. "आकडं गेलं, शे-दीडशे. आवाज कसा काढायचा त्येचा लेखी हुकूम. हुकूम कागदावरच असतुया. तामील करणारा माणूस येगळा."

मग त्यांनी अण्णाप्पांना वाजवायला सांगितलं. अण्णाप्पांनी उजव्या हाताने सूर धरला, डावा मांडीवर. सुभेदार मान तिरकी करून ऐकत राहिले. म्हणाले, "मशीनीची काय तक्रार न्हाई. दुसऱ्या कुणाची तरी हाय." पारसकाका तेव्हा बाहेर रेंज शोधत उभा होता, म्हणून हे त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी त्याने ते इंटरनेटवर तपासून पाहिलं असतं.

घरी येऊन पारसकाकाने लॅपटॉप लावला. सोबत पाटीएवढा छोटा, प्लॅस्टिकचा कीबोर्ड होता, पट्ट्या दाबायला. त्यालाही डावीकडे एक चाक होतं, पण ते कशाला असतं हे बघायला त्याला वेळ नव्हता. त्याने बत्तीस नंबर वाजवला. आवाज आला आणि उभा राहिला.

पारसकाका घाबरला नाही. त्याला कारण माहीत होतं. जुन्या मशीनमध्ये आकड्यांचा आवाज करणारा भाग जरा ओबडधोबड असायचा, त्यामुळे आवाजात बारीक कचरा यायचा, आणि त्या कचऱ्यालाच जाणकार ऊब म्हणतात. म्हणून त्याने कचरा घालणारं दुसरं प्लगिन आणलं. कचरा आला, ऊब आली नाही. मग वायरीची गुणगुण घालणारं तिसरं. मग आवाजाला म्हातारपण आणणारं चौथं. त्यात वयाची एक पट्टी होती, शून्य ते चाळीस. पारसकाकाने चाळीस लावलं. आवाज खोकल्यासारखा झाला, बाकी काही नाही.

मग त्याने जगभरच्या जाणकारांना विचारलं. त्यांचा एक गट होता. एकाने जर्मनीतून कळवलं की खोलीच्या भिंती मोजा. बेंगळुरूच्या एकाने लिहिलं की प्लगिनला आत्मा नसतो, खरं मशीनच हवं. पारसकाकाने सांगितलं की खऱ्या मशीनचाही आवाज तसाच येतोय. तर तो म्हणाला, मग ते खरं नसेल. तिसऱ्याचं म्हणणं दोघंही अडाणी आहेत, तो स्वतः या दोन्हींच्या आधीचं काहीतरी वापरतो. एका प्रश्नावर ही मंडळी अकरा दिवस भांडली. ब्राह्मी काकाच्या खांद्यावरून सगळं वाचायची. अकरा दिवसांत एकानेही विचारलं नाही की हे वाजवतं कोण.

रोज संध्याकाळी पारसकाका आज्जांना नवा आवाज ऐकवायचा. अण्णाप्पा म्हणायचे, "बरं हाय." आमटीत मीठ नसलं तरी ते एवढंच म्हणायचे.

परीक्षेचा रविवार आला. मंदिराच्या सभामंडपात नाटकाचा पडदा बांधला. पडद्यामागे एका टेबलावर जुनं मशीन, शेजारच्या टेबलावर लॅपटॉप आणि प्लॅस्टिकचा कीबोर्ड. दोन्ही वाजवणार अण्णाप्पाच, कारण हात एकच असला पाहिजे असा नियम पारसकाकाने इंटरनेटवर वाचला होता. ऐकणाऱ्यांना कोणतं कधी वाजतंय ते दिसणार नाही. त्यांनी फक्त चिठ्ठीवर लिहायचं, जुनं कोणतं. अध्यक्ष, म्हातारी मंडळी, बायका, पोरं, सगळे पडद्यासमोर बसले. सगळ्यांत मागे ऋषिराज. मशीन गुंडाळून न्यायला त्याने फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक आणलं होतं, आणि वेळ जावा म्हणून तो एकेक फुगा टचकन फोडत होता.

ब्राह्मी पडद्याची दोरी धरायला मागे होती. आज्जा वाजवताना ती नेहमी त्यांच्या डाव्या अंगाला बसायची. तशीच बसली.

अण्णाप्पांनी आधी जुनं मशीन वाजवलं. पद्मावतीआज्जीचा क्रोशाचा रुमाल त्याच्यावर परत घातला. मग उठून लॅपटॉपच्या टेबलाशी बसले आणि तेच वाजवलं. डावा हात दोन्ही वेळा मांडीवर.

चिठ्ठ्या मोजल्या. निम्म्यांनी पहिलं जुनं म्हटलं, निम्म्यांनी दुसरं. एकीवर चहा कधी आहे असं विचारलं होतं. अध्यक्ष म्हणाले की दोन्ही सारखेच आहेत, रतीभर फरक नाही. पडद्यामागे पारसकाकाने मूठ हवेत उंचावली.

"दोनी सारकंच बेकार हायत," अध्यक्षांनी वाक्य पुरं केलं.

आता बघा, पारसकाकाचं काय चुकलं होतं? काहीच नाही. त्याने जे सिद्ध करायचं म्हटलं होतं ते अगदी सिद्ध झालं होतं. त्याचं प्लगिन जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल होती. जे मशीनमध्ये नव्हतं ते त्यातही नव्हतं. एवढा स्वच्छ विजय क्वचित कोणाला मिळतो, आणि मिळाला की तोंड पारसकाकासारखं पडतं.

समोर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं शंख फुंका. कोणी म्हणालं तो भाग गाळाच. अध्यक्षांनी अण्णाप्पांसाठी शालीचा रंग विचारला. पडद्यामागे आज्जा टेबलाला हात टेकून उठायला लागले.

ब्राह्मी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मान दुखत नव्हती, ते चुकत होतं. आज्जांच्या डाव्या अंगाला बसलं की त्यांचं कोपर सारखं तिच्या वेणीला लागायचं आणि मान ओढली जायची. वर, खाली, वर, खाली. पूजेहून घरी येईपर्यंत वेणी सुटलेली असायची आणि आईची बोलणी बसायची. दिवाळीपासून तिची वेणी एकदाही सुटली नव्हती.

"आज्जा," ती हळूच म्हणाली, "तुमचं कोपर लागत न्हाई आता मला."

अण्णाप्पांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा असावा तसं.

"त्यात हवा भरायला लागत न्हाई, बाळ. काकानं सांगितलंय तुझ्या."

"मग भरू नगा. निस्ता तिथं ठेवा."

आज्जा परत बसले. समोर प्लॅस्टिकचा कीबोर्ड होता. डाव्या हाताने थोडं चाचपलं, चाक सापडलं. उजव्याने सूर धरला. आवाज आला आणि उभा राहिला. मग डावा हात हलला, वर, खाली, आपल्या जुन्या सवयीने, आणि आवाज चालायला लागला. तो लांबून येत होता, भरत होता, ओसरत होता, पुन्हा भरत होता. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

पडद्यापलीकडची चर्चा मध्येच तुटली. मागचे फुगे फुटायचे थांबले. बायकांच्या बाजूला कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या, म्हणजे हात जोडले गेले होते.  मग अध्यक्षांचा आवाज आला.

"हां, ह्यो. चाळीस वर्सं ऐकतोय मी. आता वाजलं जुनं मशीन. कंप्युटरला जमणार हाय व्हय हे? पारस, तुझं खोकं मिटव बाबा." आणि मग, "ब्राह्मी, तू हाईस न्हवं मागं? खरं सांग बाळ. हे जुनं मशीनच हाय का न्हाई?"

पारसकाकाचं तोंड उघडलं.  तो प्लॅस्टिकच्या चाकाकडे बघत होता.

ब्राह्मीला नुसतं व्हय म्हणायचं होतं. एक शब्द, आणि मशीन महाबळेश्वरला गेलं नसतं, खुर्ची पुढच्या रांगेत लागली नसती, ऋषिराज आपलं प्लॅस्टिक घेऊन परतला असता. पण ती मंदिरात बसली होती, अनवाणी, आणि तिला खरं सांग म्हटलं होतं. न्हाई म्हणावं, तर लॅपटॉप जिंकला. आणि हाताचं सांगावं, तर दिवाळीसारखे सगळे पुन्हा हसतील, या वेळी अख्खं गाव.

तिने आज्जांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. हात थांबला नव्हता.

ब्राह्मी उठली. तिने पडद्याची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. दरवेळी मध्ये अडकणारा तो पडदा त्या दिवशी पार टोकापर्यंत गेला. सगळ्या सभामंडपाला दिसलं. रुमालाखाली झाकलेलं, गप्प बसलेलं जुनं मशीन. पाटीएवढं प्लॅस्टिक. आणि त्यात हवा भरणारा अण्णाप्पांचा डावा हात.

कोणी हसतंय का हे बघायला ती थांबली नाही. ती आज्जांच्या डाव्या अंगाला जाऊन आपल्या जागेवर बसली आणि कोपर लागू नये म्हणून तिने वेणी पुढे ओढून घेतली.